आत्यासाठी बाटल्यांची बैठक

या, असे जवळ या. सतरंजी मोठी आहे, पण मागे बसलेल्यांना ऐकू येत नाही, मग ती मंडळी आपापसात भाजीचे भाव बोलायला लागतात. म्हणून म्हणतो, पुढे सरका. गुडघे दुखत असतील तर पाय खुशाल लांब करा, इथे कुणी रागावणार नाही. आजची गोष्ट गुडघ्यांचीच आहे. थोडी प्लास्टिकच्या बाटल्यांची आहे आणि थोडी माझ्या अब्रूची. अब्रूचा भाग लवकर संपतो, काळजी नसावी.

कीर्तनात बुवा आधी तत्त्व सांगतात आणि मग त्याला शोभेलशी कथा लावतात. मी कथाच आधी सांगणार आहे, कारण तत्त्व मला अजून नीटसं सापडलेलं नाही. तुम्हाला वाटेत कुठे दिसलं तर उचलून ठेवा, शेवटी मला द्या.

तर आमच्या इमारतीच्या नळाला तेव्हा चहासारखं पाणी येत होतं. रंगाने चहासारखं, चवीबद्दल मी सभ्य माणसांत बोलत नाही. रस्त्याखालची जलवाहिनी बदलण्याचं काम चालू होतं, म्हणजे रस्ता खणून ठेवला होता आणि त्या खड्ड्याकडे पाहायला अधूनमधून कुणीतरी टोपी घालून येत असे. त्यामुळे सगळी इमारत बाटलीबंद पाणी प्यायला लागली. इतर घरांतल्या रिकाम्या बाटल्या कचऱ्यात जात. आमच्या घरातल्या जात नसत, कारण आमच्या घरात आत्या होती.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. भांड्यांच्या बाबतीत तिचे दोन सिद्धांत होते. पहिला, ज्याने पाणी दिलं त्याला लाथ मारायची नाही, मग तो माणूस असो, विहीर असो की बाटली. दुसरा, धुतलेलं भांडं उघडं ठेवायचं नाही. झाकण असेल तर झाकण, नसेल तर ताटली, ताटली नसेल तर फडकं. या दोन सिद्धांतांच्या मध्ये आमचा संसार सापडला होता. आत्या प्रत्येक बाटली धुवायची, पालथी घालून निथळायची, झाकण लावायची आणि ठेवून द्यायची. कुठे, ते विचारू नका. पलंगाखाली, माळ्यावर, दारामागे, शिलाई मशीनच्या पोटात. एकदा मी कपाटातून कोट काढायला गेलो, तर कोटाआधी बाटल्याच भेटायला आल्या.

"अहो, पाहुणे आले की कुठे बसवायचे?" घरच्या मंडळींनी विचारलं. घरची मंडळी म्हणजे आमची सौभाग्यवती. एकटीच आहे, पण बोलायला लागली की अनेकवचनी वाटते.

"का? खुर्च्या आहेत की," मी म्हणालो.

"खुर्च्यांवर बाटल्या बसल्यात. मी चहा विचारला, त्या नको म्हणाल्या."

मी आत्याकडे शब्द टाकून पाहिला. आत्या शांतपणे म्हणाली, "राहू दे रे बाळ्या. येतील कशाच्या तरी उपयोगाला." माझे केस पांढरे झाले, कचेरीत लोक मला 'साहेब' म्हणायला लागले, पण आत्याने 'बाळ्या'च्या पुढची पायरी मला कधी चढू दिली नाही.

आणि उपयोगाची वेळ आली ती अशी.

आमच्या इमारतीच्या सभागृहात वर्षातून एकदा कीर्तन होतं. कीर्तन करणारे बुवा आता पुष्कळ म्हातारे झालेत. आत्याने त्यांना ते काळ्या केसांचे असल्यापासून ऐकलेलं. त्यांची कुठली कथा कुठल्या वळणावर जाते, कुठे ते पाणी पितात, कुठे मुद्दाम थांबतात, सगळं तिला पाठ. पण त्याआधीची दोन वर्षं तिने कीर्तन खिडकीतून ऐकलं होतं. तिचे गुडघे वाकेनासे झाले होते. सभागृहात बसायचं खाली, सतरंजीवर. खुर्च्या होत्या, त्या सगळ्यात मागे, चपलांच्या ढिगाशेजारी. तिथे बसलं की आत्याला बुवांचं तोंड हललेलं दिसे आणि कानात येई ती उशिरा आलेल्यांची कुजबुज. तिला ऐकू कमी यायचं हे सांगायचं राहिलंच. तिलाही ते कुणी सांगितलेलं नाही, तेव्हा तुम्हीही बोलू नका.

त्या वर्षी निरोप आला की बुवांचा गळा आता साथ देत नाही. हे कीर्तन करतील आणि थांबतील.

आत्या बाटली धूत होती, तीच पुन्हा धुतली. मग पाठमोरीच म्हणाली, "खिडकीतून ऐकेन. वारा इकडचा असला तर ऐकू येतं बरं."

आता सांगा, यावर माणसाने काय करावं? मी सोसायटीच्या अध्यक्षांकडे गेलो.

अध्यक्ष हे भारदस्त गृहस्थ. भारही आहे आणि दस्तही. इमारतीची सगळी कागदपत्रं त्यांच्याच कपाटात असतात. सभागृहात त्यांनी नुकतेच स्वखर्चाने एसी बसवले होते आणि त्यांच्याशी बोलताना निम्मं बोलणं त्या एसीबद्दल करावं लागे. ते उरकून मी म्हणालो, "आत्याला यंदा पुढे बसायचंय. एक खुर्ची पुढे ठेवली तर?"

"अशक्य," ते म्हणाले. "मागच्यांना दिसत नाही. ठराव आहे. पुढे बसणाऱ्याची बैठक फुटापेक्षा उंच नको."

"फुटापर्यंत चालेल?"

"ठरावात तसंच आहे."

"फूटभर उंचीची खुर्ची कुठे मिळते?"

"ते ठरावात नाही," अध्यक्ष म्हणाले.

जिना उतरताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लिटरच्या बाटलीची उंची साधारण फूटभर. बाटल्या उभ्या करून एकमेकींना घट्ट बांधायच्या, खालीवर जाड पुठ्ठा, वर स्पंज, त्यावर खोळ. झाली बैठक. आत्या त्यावर टेकेल, पाय समोर लांब करेल, बुवा हाताच्या अंतरावर. बाटल्यांचा प्रश्न सुटला, गुडघ्यांचा सुटला, ठराव शाबूत. आणि हे सुचलं कुणाला? मला. मी पुलांच्या कार्यालयात नोकरीला आहे. तिथे मी आवक-जावक बघतो हे खरं, पण इतकी वर्षं पुलांच्या नकाशांवर शिक्के मारले की भार कसा पेलायचा याची जाण शिक्क्यातून दांड्यात आणि दांड्यातून हातात उतरतेच.

घरी आल्यावर मी आत्याला सांगितलं, "यंदा तू पहिल्या रांगेत बसणार. माझा शब्द."

तिने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "बघ हं बाळ्या. नाहीतर मी उगाच लुगडं काढून ठेवीन." आणि ती लगेच कपाटाकडे गेली. सौभाग्यवतींनी ते पाहिलं आणि स्वयंपाकघरातून मला हळूच म्हणाल्या, "आता नीट करा. त्यांनी लुगडं काढलंय."

मी तेवढ्यात दारामागची एक बाटली काढून तिची उंची मोजायला बसलो.

बातमी जिन्याने वर चढली. आमच्या इमारतीत बातमीला कुणी अडवत नाही, वाटेत चहासुद्धा मिळतो. सगळ्यात आधी वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर उतरले. मास्तरांना आम्ही आदराने मास्तर म्हणतो आणि ते आम्हाला आदराने मूर्ख समजतात.

"बाटल्यांत वाळू भरा," ते दारातूनच म्हणाले.

"मास्तर, मग बैठक उचलणार कोण?"

"मग पाणी भरा."

"गळलं तर? आत्या कीर्तनात बसणार आहे, तिला पोहायचं नाही."

"मग हवा भरा."

"हवा आहेच, मास्तर. रिकाम्या बाटलीत हवाच असते."

"हां, पण ती नुसती असते," मास्तर म्हणाले. "तुम्ही भरलेली नसते." या वाक्यात काहीतरी होतं, असं मला पुढे फार वाटलं. त्या वेळी मी दार लोटून घेतलं.

शेजारणींनी आपापल्या बाटल्या आणून दिल्या. कालपर्यंत आत्याला हसणाऱ्याच त्या. कुणाची बाटली बारीक कमरेची, कुणाची चौकोनी, एकीने तर तेलाचा डबाच आणला आणि म्हणाली, "कोपऱ्यात लावा, मजबूत आहे." आत्या सगळ्या धुऊन घेत होती. प्रत्येकीला सांगत होती, "झाकण आणलंस का? झाकणाशिवाय घेणार नाही." लग्नघरात आहेराला काय शिस्त असेल, अशी शिस्त.

मग अध्यक्षांचं बोलावणं आलं. "एकट्या आत्यांना बैठक दिली तर उद्या प्रत्येकजण मागेल," ते म्हणाले.

माझा चेहरा पडला.

"म्हणून एक मलाही करा. अध्यक्षांनाही आहे म्हटल्यावर ती सवलत राहत नाही, ती पद्धत होते." आणि ते पुढे म्हणाले, "जरा ऐसपैस करा."

हे कळल्यावर मास्तर म्हणाले की सल्लागाराला काही मान असतो की नाही. म्हणून तिसरी बैठक मास्तरांची. एका आत्याच्या गुडघ्यांपासून सुरू झालेलं काम आता तीन प्रतिष्ठितांच्या बुडापर्यंत आलं होतं.

आता जागा. घरात बैठका बांधायच्या तर बाटल्या ठेवायच्या कुठे, कारण बाटल्या ठेवायला जागा नाही म्हणूनच तर बैठका बांधायच्या होत्या. उरली गच्ची. गच्चीला कुलूप, किल्ली अध्यक्षांकडे. अध्यक्ष म्हणाले, गच्चीवर कोणतंही बांधकाम करायला समितीची परवानगी लागते. मी म्हणालो, हे बांधकाम नाही. ते म्हणाले, तुम्ही बांधणार आहात ना? मी हो म्हणालो. ते म्हणाले, मग. समितीची बैठक भरायला तिघे लागतात. त्यांतला एक गावाला गेला होता, एक समितीशी बोलत नव्हता आणि तिसरे स्वतः अध्यक्ष. ती बैठक भरली नाही ती नाहीच. शेवटी अध्यक्षांनी आपल्या अधिकारात परवानगी दिली, ती कीर्तनाच्याच दिवसाची आणि तीही भर दुपारची. सकाळी गच्चीवर कपडे वाळतात, संध्याकाळी लोक फिरतात, दुपारी तिथे चिमणीसुद्धा येत नाही.

चिमणी का येत नाही, हे मला गच्चीवर पाऊल ठेवताच समजलं. पायाखाली तवा होता. वर सूर्य, खाली सूर्य, मध्ये मी आणि तीन बैठकांच्या बाटल्या. त्या पालथ्या घालून वाळत ठेवल्या आणि वाळेपर्यंत मी पुठ्ठे कापले. मास्तर छत्री घेऊन आले. छत्री त्यांनी स्वतःवर धरली आणि सल्ला माझ्यावर. चिकटपट्टी उन्हाने अशी पाघळली होती की बाटल्या सोडून सगळ्याला चिकटत होती. एक तुकडा माझ्या भुवईला लागला, तो भुवईसकट निघाला. पुढे आठवडाभर कचेरीत लोक मला विचारत होते, कशाचं एवढं आश्चर्य वाटतंय?

तेवढ्यात खालून सौभाग्यवतींचा फोन. "आत्या विचारतायत, झाकणं लावली का? उघड्या बाटल्या जिन्यातून आणू नका म्हणतायत, धूळ जाते."

"अगं, या बाटल्यांतून कुणी पाणी पिणार नाहीये. यांच्यावर बसायचंय."

मग आत्याचा आवाज, लांबून, "धुतलेलं भांडं आहे, बाळ्या."

लावली झाकणं. त्या रणरणत्या उन्हात, हाताला चटके बसत असताना, एकेक बाटली उचलून मी तिचं झाकण गच्च पिळलं. कामात कसूर म्हणून नाही. पुलांच्या कार्यालयात माणूस एक वेळ पूल विसरेल, पण शिक्का गच्च मारायला विसरत नाही.

बैठका बांधून झाल्या आणि देवाशपथ सांगतो, काय झाल्या होत्या! पुलावरून आधी रिकामी गाडी नेतात आणि मग भरलेली, अशी पद्धत आहे. त्याप्रमाणे आधी मी बसलो. मग मास्तर छत्रीसह बसले. मग आम्ही दोघे एकाच बैठकीवर पाठीला पाठ लावून बसलो. बैठक हूं की चूं करेना. दगड बरा. मास्तरांनी छत्रीच्या टोकाने ती टोचून पाहिली आणि इतक्या वर्षांत प्रथमच मला म्हणाले, "उत्तीर्ण."

आत्याने शिवून ठेवलेल्या खोळी चढवल्या आणि गच्चीवरून आम्ही बैठका थेट सभागृहात नेल्या. आतमध्ये पाहतो तर अध्यक्षांनी एसी दुपारपासून चालू ठेवलेले. दार उघडल्याबरोबर अंगावर काटा आला. नुसता गारवा नव्हता तो, अध्यक्षांचा अभिमान होता.

आत्या लुगडं नेसून आली. सौभाग्यवती एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, असं करत तिला पहिल्या रांगेत आणलं. ती बैठकीवर टेकली. पाय समोर लांब केले. हाताने बैठकीची कड चाचपली आणि म्हणाली, "घट्ट आहे रे." मग बुवा जिथे उभे राहणार त्या जागेकडे बघून म्हणाली, "इथून त्यांचे पाय दिसतात." दोन वर्षं तिने त्यांचा आवाज वाऱ्यावर ऐकला होता. मी तिच्या लुगड्याचा काठ सारखा करायला वाकलो, तेवढ्यात अध्यक्ष बसले आणि त्यांच्या बसण्याच्या धक्क्याने मीच सतरंजीवर बसलो.

बुवा उभे राहिले. आवाज बारीक झाला होता, पण जागच्या जागी होता. त्यांनी एका राजाची कथा लावली. राजाचं सिंहासन फार उंच, त्याला पायऱ्याच पायऱ्या. वरून त्याला कुणाचं बोलणं ऐकू येईना. एक साधू विहिरीच्या कडेला जमिनीवर बसलेला असे. राजा वरूनच त्याला ओरडून म्हणाला, मला काहीतरी ज्ञान सांग. साधू म्हणाला, इथून ओरडवत नाही, तू खाली ये.

"खाली ये," बुवा गायले. पेटीवाल्याने सूर धरला. "राजा, खाली ये."

टक्.

लहानसा आवाज. कुणीतरी बोट मोडावं तसा. मी अध्यक्षांकडे पाहिलं. ते डोळे मिटून डोलत होते.

"एक पायरी उतरला राजा," बुवा म्हणाले. "खाली ये."

टक्. टक् कट्.

मला त्या गार हवेत घाम फुटला. अध्यक्षांचं डोकं मघाशी मागच्या खिडकीच्या चौकटीला लागून दिसत होतं. आता चौकटीखाली भिंत दिसत होती आणि भिंतीखाली अध्यक्ष.

"अजून एक पायरी," बुवा म्हणाले. कट् कट् टक्, अध्यक्ष उतरले. त्यांचे डोळे उघडले. त्यांनी आजूबाजूला असं पाहिलं की जणू इमारतच वर चालली आहे. पलीकडे मास्तर खाली न जाता डावीकडे चालले होते. तेलाचा डबा त्यांच्या उजव्या कोपऱ्यात लावलेला. तो काही दबायला तयार नव्हता, त्यामुळे मास्तर त्या डब्याच्या टेकूवर एखाद्या जुन्या कुंपणासारखे कलत गेले. कलता कलता मला म्हणाले, "वाळू म्हणालो होतो."

बुवा थांबले. सभागृहात अगदी शांतता. त्या शांततेत तिन्ही बैठकांतून असा कडकडाट झाला, जणू कुणी शेंगा फोडतंय.

"कोण ठेका धरतंय?" बुवांनी विचारलं.

मी सतरंजीच्या विणीत एक सुटलेला धागा फार बारकाईने पाहत होतो.

"धरा, धरा," बुवा म्हणाले. "पण मात्रा चुकवू नका. राजा कुठे पोचला?" आणि अध्यक्षांकडे पाहून म्हणाले, "निम्म्यावर आलाय वाटतं." सगळं सभागृह हसलं. आणि मायबापहो, पुढे प्रत्येक "खाली ये"ला लोक कान देऊन वाट पाहायला लागले, टक् ऐकू आला की हसायला लागले. अध्यक्ष उठायला पाहत होते, पण ऐसपैस बैठकीत माणूस मधोमध रुतला की त्याला उठता येत नाही. ते बुवांच्या राजासारखे मान वर ठेवून खाली जात राहिले.

मी मात्र आत्याकडे झेपावलो. तीही खचत होती. तिची बैठक सगळ्यात हळू आणि सगळ्यात सरळ खचत होती, कारण आत्या म्हणजे पिसासारखी हलकी. तिला धरून उठवावं, मागच्या खुर्चीवर न्यावं म्हणून मी हात घातला. माझ्या डोळ्यांसमोर ते कपाटातून काढलेलं लुगडं होतं आणि माझा शब्द होता. तिने माझ्या हातावर चापट मारली.

"बस खाली. कथा चाललीय."

"आत्या, अगं, तू खाली चाललीस."

"कळतंय मला," ती म्हणाली. बुवांवरची नजर तिने काढली नाही. "लागत नाहीये. कुणीतरी हळूच धरून सोडल्यासारखं वाटतंय."

बाटल्या दबत होत्या, पट्टी सैल होत होती, बाटल्या हळूहळू बाहेरच्या अंगाला कलत होत्या आणि आत्या त्यांच्यामधून केसभर केसभर उतरत होती. डॉक्टर झाले, तेलं झाली, शेकून झालं, पण तिचे गुडघे तिला जमिनीवर जाऊ देत नव्हते. त्या गुडघ्यांना पत्तासुद्धा लागू न देता बाटल्यांनी तिला सतरंजीवर नेऊन बसवलं. शेवटी खोळीची एक घडी आणि चपटलेल्या बाटल्यांचा एक थर एवढंच तिच्या आणि जमिनीच्या मध्ये उरलं. तिने हात बाजूला टेकला, तर खाली सतरंजी. ती हात फिरवत राहिली.

तिकडे बुवांचा राजा शेवटच्या पायरीवर आला होता. "राजा जमिनीवर आला," बुवा म्हणाले, "साधूच्या समोर उभा राहिला, आणि साधू त्याला म्हणाला..." आणि बुवा थांबले.

मला वाटलं, नेहमीसारखे मुद्दाम थांबले. पण पेटीवाल्याने तोच सूर पुन्हा वाजवला, पुन्हा वाजवला. बुवा पाणी प्यायले. त्यांची नजर हरवलेली होती. लोकांना वाटलं ते टक् आवाजाची वाट पाहतायत, पण बाटल्यांनाही आता काही आठवत नव्हतं.

आत्या त्यांच्या पायांशी होती. उंच बैठकीवर असती तर मोठ्याने बोलावं लागलं असतं आणि सगळ्यांना कळलं असतं. खालून, जवळून, ती फक्त ओठांत बोलली, "बस, जागा आहे, असं म्हणाला तो."

बुवांनी खाली पाहिलं. मग मान वर करून गायले, "बस, जागा आहे." हे आत्याला, बुवांना आणि मला सोडून कुणाला कळलं नाही. आज तुम्हाला सांगितलं. ते दोघेही रागावणार नाहीत.

कीर्तन संपलं आणि आमचं काम सुरू झालं, कारण आत्याला उठवायचं होतं. बसवायला बाटल्या होत्या, उठवायला कुणीच नव्हतं. मास्तर म्हणाले, तरफेचं तत्त्व लावा. त्यासाठी त्यांची छत्री मागितली तर दिली नाही. शेवटी आम्ही सतरंजीची चार टोकं धरली आणि आत्याला सतरंजीसकट उचललं. सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला अध्यक्ष अजून रुतलेले होते, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. ते गडगडत मोकळे झाले. तेवढा एक उपकार माझ्या हातून घडला.

उठताना आत्या बुवांना म्हणाली, "पुढच्या वर्षी या."

"गळा कुठे आहे आता?" बुवा म्हणाले.

"तर नुसते बसायला या," आत्या म्हणाली.

घरी आल्यावर सौभाग्यवती मला म्हणाल्या, "गरम भाजी डब्यात भरून झाकण दाबलं की डबा गार झाल्यावर काय होतं?"

"काय होतं?"

"आतली गरम हवा आकसते आणि झाकण आत ओढलं जातं, तुमच्या बाटल्या ओढल्या गेल्या तसं. उघडता उघडत नाही. तुम्ही आयुष्यात एकदा डबा भरला असता तर हे तुम्हाला माहीत असतं." मग म्हणाल्या, "भुवईला खोबरेल लावा."

मी काही इतक्या सहज हार मानणारा नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गारव्यात झाकणं लावून मी नवी बैठक बांधली. ती खचली नाही, कुरकुरली नाही, एसीत ठेवली, उन्हात ठेवली, जशीच्या तशी. अभिमानाने आत्यासमोर मांडली. ती बसली, थोडा वेळ बसून राहिली, वाट पाहिली. मग म्हणाली, "बाळ्या, ही तर वरच धरून ठेवते रे."

"मग तेच तर पाहिजे ना."

"मला खाली सोडणारी पाहिजे."

त्यानंतर खाली बसायचं कुठलंही निमित्त असलं, कुठे प्रवचन, कुठे कुणाच्या घरचा समारंभ, की मी दुपारी गच्चीवर जाऊन तापलेल्या बाटल्यांना झाकणं लावत असे. हे काम जगात मला एकट्यालाच येतं. अध्यक्षांनी एकदा जिन्यात गाठून हळूच विचारलं, "तुमच्या त्या बिघडलेल्या पद्धतीची एक मला मिळेल का? बायकोला सांगू नका. तिचे नाही, माझेच गुडघे आहेत." पुलांच्या कार्यालयात भार पेलणारे पुष्कळ आहेत, हळूच खाली सोडणारा मीच.

यंदा नळाला स्वच्छ पाणी येतंय. रस्ताही बुजवला. बुवा नुसते बसायला आले होते, पहिल्या रांगेत, त्यांच्या शेजारी आत्याची जागा रिकामी ठेवली होती. यंदा मला गच्चीवर जावं लागलं नाही. लुगडं सौभाग्यवतींनी घडी घालून कपाटात वर ठेवलंय, दारामागच्या बाटल्या तशाच आहेत. सगळ्यांना झाकणं आहेत.

तर मायबापहो, तत्त्व तुम्हाला वाटेत सापडलं असेल तर ठेवा तुमच्याकडेच. माझं एकच मागणं आहे. कधी घरात रिकामी बाटली पडलेली असेल, तिच्यातून आपोआप टक् असा आवाज आला, तर दचकू नका. आमची आत्या खाली बसतेय असं समजा, तिची आठवण काढा, आणि जरा सरकून जागा द्या.